गेंद्याचे गुरुजी

मुंबईच्या आधी टेलिव्हिजन आमच्या रनाळ्यात आलं होतं, असं मी सांगितलं की नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत बापडी. मी ते या डोळ्यांनी पाहिलं आहे. चहाच्या खोक्याच्या फळ्यांची चौकट, तिला गुरुजींच्या बायकोच्या, जमनाबाईंच्या, जुन्या लुगड्याचा पडदा आणि माथ्यावर पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरात, 'टेलिव्हिजन'. पडदा सरकला की आत गेंद्या, गुरुजींचा बोलका बाहुला, बसलेला दिसे. चौकटीच्या बाजूला, सगळ्यांना नीट दिसतील असे, लोखंडी खुर्चीवर मगन गुरुजी. त्यांचा एक हात खोक्यामागे असे आणि तोंड मिटलेलं असे.

खरं टेलिव्हिजन गुरुजींनी फक्त एका मासिकातल्या चित्रात पाहिलं होतं. पेटीत माणूस दिसतो आणि बोलतो, एवढी माहिती त्यांना पुरली. साठ सालाच्या मागेपुढे मी नाशिकहून नवी मास्तरीण होऊन रनाळ्याच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा आसपासच्या गावांतली पोरं टेलिव्हिजन म्हणजे हेच समजत होती. कोणी कशाला त्यांची समजूत मोडावी? मीही मोडली नाही.

माझ्या वर्गात सुरुवातीला पोरं तोंडच उघडत नसत. मी विचारणार पुस्तकी मराठीत, ती घरी बोलणार अहिराणी. उत्तर येत असलं तरी पाटीकडे बघत गप्प. शनिवारी शाळा सुटण्याआधी गुरुजी गेंद्याला बाहेर काढत, कागदाचे पक्षी करत, मोराचा आणि टिटवीचा आवाज काढत, कोडी घालत. आणि हीच मुकी पोरं छप्पर डोक्यावर घेत. पहिल्या शनिवारी मी मागे हाताची घडी घालून उभी होते. गेंद्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, हाई कोन उनी?"

"शाळानी नवी बाई शे," गुरुजी म्हणाले.

"इले हासता येस का?"

"नही दिखस."

"तं इले आदी ते शिकाडा ना!"

सगळी शाळा माझ्याकडे बघून हसली आणि मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं. त्या दिवसापासून माझ्या वर्गात पोरं बोलायला लागली.

गेंद्याचं डोकं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं होतं. डोळे गोल, कान जरा मोठे, आणि खालचा जबडा दोरीवर हलणारा. आवाज नाकातला, खोडकर, जरा घोगरा. पाच अक्षरं मात्र त्याला कधीच आली नाहीत. प, फ, ब, भ, म म्हणायची तर माणसाचे ओठ एकमेकांना टेकावे लागतात, आणि गुरुजींचे ओठ तर हलता कामा नयेत. म्हणून त्याचं नावही गेंद्या, म्हणजे त्याला स्वतःचं नाव तरी सांगता यावं. पोरांना हे बरोबर ठाऊक होतं. ती मुद्दाम ओरडत, "गेंद्या, पपई म्हन!" आणि गेंद्या तोऱ्यात उत्तर देई, "तुन्हा आजाले सांग!"

नंदुरबारची मिरची अख्ख्या मुलखात प्रसिद्ध, पण गुरुजी तिला शिवत नसत. ओठ चुरचुरले की थरथरतात, असं त्यांचं म्हणणं. जमनाबाई त्यांच्यासाठी अळणी भाजी वेगळी काढायच्या आणि स्वतः ठेचा खायच्या. थंडीत ओठ फुटू नयेत म्हणून गुरुजी त्यांना सारखं लोणी लावत. "ओठ हालना का गेंद्या मरना, बाई," म्हणजे ओठ हलला की गेंद्या मेला, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येत नाही.

आणि गंमत अशी, की एरवी त्यांच्याइतकं तोंड भरून बोलणारा माणूस मी पाहिला नाही. साधं 'या बसा' म्हणायचं तरी ते प्रत्येक शब्द ओठांनी घडवून, सावकाश, समोरच्याकडे तोंड करून म्हणायचे. मला वाटलं ही मास्तरकीची सवय. मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत भाड्याने राहायला गेले तेव्हा कारण कळलं. जमनाबाईंना ऐकू येत नव्हतं.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांना मुदतीचा ताप आला आणि जाताना तो त्यांचे कान घेऊन गेला. त्या बिचाऱ्या समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखायला शिकू लागल्या. गुरुजींना तेव्हा झुबकेदार मिशी होती, ती आड यायची. एका सकाळी गुरुजींनी ती उतरवायची ठरवली. पण आमच्या त्या भागात बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नाही. न्हाव्याने वस्तरा लावायला साफ नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने ती काढली आणि शाळेत गेले. दुपारपर्यंत अर्धं गाव खांद्यावर टॉवेल टाकून दारात भेटायला हजर. गुरुजींचे वडील ओट्यावर बिडी ओढत बसले होते.

"कोन गयं रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एकजण चाचरत म्हणाला, "बाबा, तुम्हीच."

म्हातारा पुढे महिनाभर मुलाशी बोलला नाही. ही गोष्ट गावात मला निदान दहा जणांनी सांगितली आणि प्रत्येकाने हसत हसत सांगितली. मला मात्र दर वेळी जमनाबाईंचा हेवा वाटायचा. एवढं कोणी कोणासाठी करतं का?

गेंद्या आला तो या तापानंतर. त्याचं तोंड जमनाबाईंनी रंगवलं, आंगडी त्यांनी शिवली, कार्यक्रमात पडदाही त्याच सरकवायच्या. खापर गावच्या बाजारापासून धानोऱ्याच्या शाळेपर्यंत ज्याला त्याला गेंद्याचा आवाज ठाऊक होता. नव्हता तो एकट्या त्यांना. गेंद्या बोलायचा तेव्हा गुरुजींचे ओठ बंद, आणि गेंद्याच्या लाकडी जबड्यावरून काय ओळखणार? खेळ संपवून घरी आलो की त्या मला हाताला धरून चुलीपाशी बसवत आणि विचारत, "काय म्हना गेंद्या आज?" त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे त्या मोठ्याने बोलत. मी तोंडापुढे हात न आणता गेंद्याची सगळी उत्तरं परत सांगायची. त्या लक्ष देऊन बघत, हसतही. पण विनोद दुसऱ्याने सांगून किती हसू येणार?

"बाई, त्याना आवाज कसा शे?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाकातला. खोडकर. लहान भाऊ कुरकुरतो तसा," मी म्हटलं.

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या, "मन्हा धाकला भाऊ तसाच बोले."

मला राहवलं नाही. मी गुरुजींना म्हटलं, घरात तरी ओठ हलवून गेंद्याला बोलू द्या, त्यांना कळेल. गुरुजी गंभीर झाले. "मंग तिले काय दखाडू, बाई? लाकूड?" त्यांच्या लेखी गेंद्या जिवंत होता आणि तो बायकोपुढे मारायची त्यांची तयारी नव्हती.

मग दिल्लीचं बोलावणं आलं. नंदुरबारला शिक्षण खात्याचा मेळावा भरला होता, तिथे दिल्लीहून आलेल्या एका साहेबांनी गुरुजींचा खेळ पाहिला. खोक्यावरचं 'टेलिव्हिजन' वाचून ते आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, खरं टेलिव्हिजन आमच्याकडे दिल्लीत सुरू झालंय, मुलांच्या कार्यक्रमाला असाच माणूस हवा आहे. फक्त तिथे कॅमेरा अगदी तोंडाजवळ येतो. खेड्यातल्या मांडवात दहा हातांवरून खपतं ते तिथे खपणार नाही, ओठांची एवढीशी हालचालही दिसेल. तुम्ही मिशी का ठेवत नाही?

गुरुजींनी मिशी ठेवली. हिवाळाभर ती वाढत गेली आणि वरचा ओठ झाकला. रोज शाळा सुटली की ते ओट्यावर बसून सराव करत. जमनाबाई आपला कुंकवाचा आरसा त्यांच्यापुढे धरून बसत. गेंद्याला हिंदीही शिकायचं होतं. गुरुजींचं तोंड हळूहळू असं घट्ट झालं की गेंद्या बाजूला ठेवल्यावरही ते सैल होईना. वर्गात पोरं म्हणायला लागली, गुरुजी पुटपुटतात. जेवताना, चालताना, माझ्याशी बोलताना ओठ जागचे हलत नसत. आवाज यायचा, म्हणून आम्हाला काही अडलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला जमनाबाई माझ्याकडे तीळ निवडायला आल्या. निवडता निवडता त्यांचे हात थांबले.

"बाई, मन्हा घरमा आते दोन बाहुला शेतस. दोन्हीबी मन्हासंगे बोलतस नही."

मी म्हटलं, अहो, मग सांगा त्यांना. मिशी काढा म्हणावं.

"नको वं माय. त्यास्ना जीव दिल्लीमा अटकेल शे. जाई येवू द्या."

त्यांनी डोळे पुसले आणि गेंद्याच्या नव्या कोटाचं माप किती घ्यावं ते मला विचारू लागल्या. माझा जीव इतका तुटला, पण नवराबायकोच्या मधे मी कोण पडणार? गुरुजींना काही सांगायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली होती.

गुरुजी ज्या संध्याकाळी दिल्लीच्या टेलिव्हिजनवर दिसणार होते, त्या संध्याकाळी सगळं रनाळं ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे जमलं. मी परोपरीने सांगून पाहिलं की टेलिव्हिजन वेगळं, रेडिओ वेगळा. सरपंचांनी मलाच समजावलं, "बाई, दिल्लीथीन बातम्या येतस, मंग गेंद्या का बरं नही येवाव?" रेडिओला झेंडूचा हार घातला होता. शेतावरून आलेले लोक पाय धुऊन सतरंजीवर बसले. आधी बाजारभाव झाले, मग कोणीतरी बुवा गायला लागले. बुवांचं गाणं लांबलं तरी कोणी हललं नाही.

"दिल्ली दूर शे, भो. गेंद्या रस्तामा व्हई," मागून एक म्हातारा म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या.

जमनाबाई सगळ्यांत पुढे बसल्या होत्या. रेडिओकडे त्यांची पाठ होती. त्या लोकांच्या तोंडांकडे बघत होत्या. गेंद्या बोलला की आधी तिथेच दिसेल म्हणून. मधून मधून माझ्याकडे बघून विचारत, "उना का?" मी मान हलवून नाही म्हणत होते. त्या घटकेला तिकडे दिल्लीत कोणी कोणी परक्या लोकांनी आमच्या गेंद्याला पाहिलं असेल. ते कशावर उतरवून ठेवलेलं नव्हतं, झालं आणि गेलं. आजही मला त्याची हळहळ वाटते. काय बोलला असेल तो हिंदीत? कोणाची टर उडवली असेल? आम्ही त्याचे सगळे लोक इथे रेडिओला हार घालून बसलो होतो आणि आमच्या वाट्याला बुवांचं गाणं आलं.

गुरुजी परत आले ते मिशी काढून. वडील जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, त्यामुळे या खेपेला लोक जरा गोंधळूनच विचारायला आले.

"आते कोन गयं, गुरुजी?"

"दिल्ली गई, भो," गुरुजी म्हणाले.

कार्यक्रम पडला, असंच सगळ्यांना वाटलं. पडला नव्हता. उत्तम झाला होता. दर आठवड्याला मुलांचा कार्यक्रम करा, इथेच राहा, असं त्यांना सांगितलं होतं आणि ते तिथल्या तिथे नाही म्हणून आले होते. हेडमास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. मीही चिडले. एवढा हिवाळा, एवढा आरसा, जमनाबाईंनी गिळलेलं एवढं सगळं, ते कशासाठी मग?

संध्याकाळी ओट्यावर ते बोलले. जमनाबाई समोर बसल्या होत्या. गुरुजी त्यांच्याकडे तोंड करून, पूर्वीसारखे ओठ भरभरून हलवत, मला सांगत होते.

"तठे मन्हा समोर एक पेटी ठेयेल व्हती, बाई. तिच्यामा मन्हंच तोंड दिखे. पेटीना आवाज बंद करेल व्हता. दखस तं काय, एक मिशावाला मानूस तोंड मिटीसन बठेल शे. नि त्याना शेजारले एक बाहुला उगाच जबडा हालाडी ऱ्हायना. काय चालनं, काहीच कळे ना." त्यांनी जमनाबाईंकडे हात केला. "तवय माले समजनं. हाई जमना इतला वरीस हाईच दखी ऱ्हायनी."

जमनाबाईंना सगळं कळलं होतं. त्या उठल्या आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढचा खेळ धानोऱ्याला होता, शाळेच्या संमेलनात. भर दुपारची वेळ, मांडव गच्च. पडदा ओढायला त्यांनी मला सांगितलं आणि जमनाबाईंना पोरांच्या पुढे, मधोमध, सतरंजीवर बसवलं. मी पडदा ओढला. गेंद्याने चहूकडे मान फिरवली, आणि गुरुजींनी तोंड उघडलं.

"पपई!" गेंद्या म्हणाला.

पोरं गुडघ्यांवर उठून बघायला लागली. मग एकच गिल्ला. "गुरुजी, तुम्हना ओठ हाली ऱ्हायनात! ओठ हाली ऱ्हायनात!"

"हालू दे," गुरुजी म्हणाले.

"भोपळा!" गेंद्या ओरडला. "बटाटा! मामा! फुगा!" आयुष्यभर अडलेले सगळे शब्द तो एका दमात बोलून गेला आणि मग त्याने पुढे बसलेल्या जमनाबाईंकडे तोंड वळवलं. "वं जमना, तू मन्हं आंगडं शिवं, पन त्याले खिसाच नही! मी भुईमुंगन्या शेंगा कोठे ठेवू?"

जमनाबाई गुरुजींच्या ओठांकडे बघत होत्या. वर गेंद्याकडे बघितलं, पुन्हा ओठांकडे बघितलं. आणि मग एवढ्या मोठ्याने हसल्या की शेवटच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली.

"खिसा मांगस मुडदा!" त्या त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आदी गुंडी तं तोडू नको!"

"गुंडी गुरुजी तोडतस!"

"खोटं नको बोलू!"

भांडण जुंपलं. गुरुजी मधल्यामधे घामाघूम झाले. मांडवात सगळे हसत होते आणि मी पडद्याची दोरी धरून रडत होते. मी काही लवकर रडणाऱ्यांतली नाही.

पण खेळ संपल्यावर पहिलीतला एक पोरगा पुढे आला, त्याने गेंद्याच्या पायाला बोट लावून पाहिलं आणि गुरुजींना विचारलं, "गुरुजी, गेंद्या मरना का?" गुरुजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्यानंतर बोलावणी कमी झाली. गुरुजींची कला गेली, दिल्लीची दृष्ट लागली, असं लोक म्हणत. खापरच्या बाजारात पुढच्या साली गुरुजींच्या जागी एक जादूगार आला. गुरुजींना त्याचं दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकदा शाळेतून परतताना ते म्हणाले, "टाळ्या याद येतस, बाई." एवढंच म्हणाले आणि पुढे चालू लागले. पण रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून गेंद्याचा तो नाकातला आवाज आणि त्यावर जमनाबाईंचा चढा सूर ऐकू येई. कधी भाजीवरून, कधी शेजाऱ्यांवरून, कधी माझ्यावरूनही त्यांचं चाले. मी वह्या तपासायचं सोडून ऐकत बसायची. इतकं भरलेलं घर मी पुन्हा पाहिलं नाही.

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा दोघांनी सुरतेकडे, जमनाबाईंच्या भावाच्या गावी जायचं ठरवलं. मी आणि शाळेची पंधरा-वीस पोरं नंदुरबार स्टेशनावर सोडायला गेलो होतो. सकाळची गाडी. दोघं खिडकीशी समोरासमोर बसली होती. निरोपाचं बोलायचं राहूनच गेलं. पिशव्या चढवा, पाणी भरून घ्या, यातच वेळ गेला. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा गुरुजींनी पिशवीतून गेंद्याला काढलं आणि खिडकीत उभं केलं. तेवढ्यात इंजिनाने वाफ सोडली. कान बधिर करणारा आवाज, त्यात पोरांचा आरडाओरडा. गेंद्या माझ्याकडे तोंड करून काहीतरी सांगत होता. त्याचा जबडा हलत होता, गुरुजींचे ओठ हलत होते. मी खिडकीसोबत चालू लागले, कानाशी हात नेला, मान हलवली, काही ऐकू येत नाही म्हणून ओरडले. गाडीने वेग घेतला.

गेंद्या मला शेवटचं काय म्हणाला ते मला आजतागायत माहीत नाही. फलाटावर आम्ही एवढी धडधाकट कानांची माणसं उभी होतो, पण त्याचं बोलणं कळत होतं ते एकट्या जमनाबाईंना, आणि त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.